टेपचा कान

यातलं एक वाक्यही आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, बाबांजवळ नाही, आणि जिला मी माझं सगळं सांगते असं वाटतं त्या मैत्रिणीजवळही नाही. मला बोलता येत नाही असं कोणी म्हणणार नाही. उलट मी बोलण्यासाठीच ओळखली जाते. संघमित्रा उभी राहिली की माइक लागत नाही, असं लोक हसून म्हणतात. मग हे आठ वर्षं घशात कुठं अडकून होतं?

सांगते. पण मी स्वतःला ओळखते. मधेच वळण घेईन, स्वतःला जरा बऱ्या उजेडात उभी करीन. तसं झालं तर तुम्हाला ते दिसेलच.

आधी घर सांगायला हवं. माझं लहानपण पत्रकांत गेलं. पाचपावलीत बाबांचा दीड खोलीचा छापखाना होता, अजून आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर बाबा. विणकरांची, सफाई कामगारांची, विडी वळणाऱ्या बायांची पत्रकं. ओली शाई हाताला न लावता कागदाच्या दोन घड्या कशा घालायच्या, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. ‘जाहीर निषेध’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाची सुरुवात मी ‘बंधू आणि भगिनींनो’ अशी केली होती — बाई हसल्या, आणि मला कळेना की चुकलं काय?

बाबांचा एक नियम होता. पत्रकात नाव हवं. ‘काही लोक’, ‘संबंधित अधिकारी’ असं लिहून आणलं की ते कागद परत करायचे. म्हणायचे, “हा पोह्यांखाली घालाचा कागद हाय गा. खाली छापणाऱ्याचं नाव असते ना? मंग वर करणाऱ्याचं काहून नसावं?” हा नियम मी दुधाबरोबर प्यायले. त्याचा इतका अभिमान होता मला! तो नियम मी कसा वापरला, तेच सांगायचं आहे.

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला आणि पहिली नोकरी लागली ती एका बांधकामाच्या साइटवर. कळमन्याच्या मार्केटच्या मागे, खाली गोदाम आणि वर दोन मजले खोल्या, असं काम. मार्केटात मिरचीचे ढीग पडले की वारा तो ठसका आमच्याकडे आणायचा. तिथं सगळ्यांचेच डोळे कायम लाल. कोणाच्या डोळ्यात पाणी कशानं आलं, हे कोणी विचारत नसे.

माझं काम होतं साइटला लाइट आणायचं. इमारत उभी राहायच्या आधीच लाइट लागते — पाणी चढवायला पंप, माल वर न्यायला लिफ्ट, काँक्रीट दाबून बसवायला व्हायब्रेटर. त्यासाठी तात्पुरतं मीटर घ्यावं लागतं. सगळे त्याला नुसतं ‘टेम्पररी’ म्हणतात. मंजूर नकाशा, कराची पावती, अर्ज — फाइल घेऊन मी वीज कंपनीच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. नकाशावरचा प्लॉट नंबर आणि पावतीवरचा नंबर जुळेना. क्लार्क म्हणाला, “मॅडम, बिल्डिंगच्या आधी तुमचाच प्लॉट नक्की करा ना!” दुसऱ्या खेपेला टेस्ट रिपोर्ट नव्हता. टेस्ट रिपोर्ट म्हणजे लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियननं सगळं तपासून, मोजून, खाली केलेली सही. त्या सहीचा अर्थ एकच — मी पाहिलं आहे, इथं माणूस मरणार नाही.

तो रिपोर्ट दिला पुंडलिक काकांनी. पुंडलिक लांजेवार. बाबांचे जुने स्नेही. त्यांचं लायसन्स घरात भिंतीवर होतं, प्लास्टिकच्या कव्हरात, आईबापांच्या फोटोशेजारी. घरी बसून रिपोर्टवर सह्या करणारे पुष्कळ होते, आणि काका करत नाहीत म्हणून त्यांची टिंगल व्हायची. लांजेवारले बोलावलं का दिवस गेला, असं ठेकेदार म्हणायचे. आमच्याकडे ते सायकलवर आले, मोजायचं यंत्र कॅरिअरला बांधून. अर्थिंगचा खड्डा उथळ आहे म्हणून त्यांनी तो पुन्हा खणायला लावला. मीठ आणि कोळशाचे थर स्वतःच्या हातानं दिले, मधे पाइप उभा केला, वर पाणी घालायला नरसाळं बसवलं. अर्थिंग म्हणजे काय, तर वायरमधून वाट चुकलेला करंट जमिनीत जिरवायची सोय. नागपूरचा मे महिना. जमीन भाकरीसारखी भाजलेली.

“रोज दोन बादल्या पाजजो हिले,” काका मला म्हणाले. “जमीन कोरडी झाली का ते करंट घेत नाही. मंग माणूस घेते.”

पत्र्याच्या पेटीत त्यांनी मीटर, मेन स्विच आणि ट्रिपर बसवला. ट्रिपर हे छोटंसं यंत्र आहे. कुठं वायर सोलवटली, करंट कोणाच्या अंगात शिरू लागला, की पापणी लवायच्या आत खटकन पडतं आणि सगळी लाइट तोडतं. काका जोडत होते, मी हाताखाली होते. वायरीचा सांधा त्यांनी मला शिकवला — तारा वेणीसारख्या गुंफायच्या, वर टेप ओढून गुंडाळायची, आणि शेवटचं टोक चिकटवून टाकायचं नाही. नखाएवढं दुमडून उभं ठेवायचं. त्याला ते टेपचा कान म्हणत.

“कान ठेवत जा वं पोरी. बंद आपण करतो, पण उघडाचं दुसऱ्याले असते. त्याचे नखं काहून तोडाचे?”

हा कान दुसरं कोणी ठेवताना मी आजवर पाहिलेलं नाही. कॉलेजात नाही, कुठल्या साइटवर नाही. काका ठेवायचे. आणि मग मी.

— बघा, मी किती वेळ काकांबद्दलच बोलत बसले. पुढं जायचं नाही म्हणून.

स्लॅबचा दिवस. एकदा काँक्रीट ओतायला सुरुवात केली की मधे थांबून चालत नाही. जुन्या आणि नव्या थराचा सांधा पडतो, आणि तो सांधा मग जन्मभर पाणी गाळत राहतो. सकाळी सातला काम सुरू झालं आणि आठला ट्रिपर पडला. वर केला. पंधरा मिनिटांनी पुन्हा. व्हायब्रेटरची केबल कुठंतरी सोलवटली होती, एवढाच त्याचा अर्थ. ट्रिपर आपलं काम चोख करत होता. केबल शोधून बदलायला अर्धा तास लागला असता.

साइट इंजिनीअर साहेब काय म्हणाले ते नीट ऐका, कारण पुढं मी ते वेगळंच लिहिलं. ते म्हणाले, “केबल पाहून घ्या आरामात. तोपर्यंत सळईनं कोचू द्या पोरांना.” बस. आवाजसुद्धा चढवला नव्हता.

पण सेंट्रिंगचा गजानन वरून ओरडला, “काहून मॅडम, तुमची मशीन लाजाळू हाय का? हात लावला का मिटते!” सगळा स्लॅब हसला. आणखी कोणीतरी खालच्या आवाजात, पण ऐकू येईल एवढ्या, म्हणालं, “पोरीच्या हाती लाइट दिली ना बावा.”

तेवढं पुरलं मला. एवढं स्वस्त होतं ते! शोषणाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी — दोन टोमण्यांत विकली गेले.

मी पेटी उघडली. मेन बंद केला. ट्रिपरला वगळून दोन वायरी थेट पलीकडे जोडल्या. आमच्या धंद्यात याला एक साधा शब्द आहे — डायरेक्ट. ‘डायरेक्ट करून टाक’ म्हणतात, जसं दार लोटून घे म्हणावं तसं. दोन सांधे केले. वेणी घातली, टेप गुंडाळली. आणि हो, कान ठेवले. दोन्ही सांध्यांना. हात शिकवल्याप्रमाणे चालत होते.

दिवसभर मशीन एकदाही बंद पडली नाही. “मानलं मॅडम!” गजानन म्हणाला. मला किती बरं वाटलं, ते मी लपवणार नाही. त्या साइटवरचा माझा सगळ्यात आनंदाचा दिवस तोच होता.

पाचला स्लॅब पुरा झाला. नारळ फुटला आणि जेवणाची पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. स्लॅब झाला की मालकानं जेवण द्यायचं, ही रीतच आहे. मला वाढायला शेवंता आली. शेवंता रामटेककडची. पावसाळ्यात गावी धानाची रोवणी करायची आणि उन्हाळ्यात इथं बांधकामावर तराई — म्हणजे ओतलेलं काँक्रीट फुटू नये म्हणून त्याला पाणी मारत राहायचं. रोवणीत तिचा हात धरणारी पंचक्रोशीत नव्हती. तीन बोटांनी रोप चिखलात खोवायची, दोरी न लावता ओळ सरळ. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना हवेत बोटं चालवून दाखवायची.

“घ्या ना बाई अजून बुंदी,” ती म्हणाली. “तुमच्यानं लवकर सुटलो आज.”

मी खाल्ली. आणि घाईनं निघाले, कारण संध्याकाळी रामदासपेठेत एका हॉलमध्ये माझं भाषण होतं. विषय सांगू? बांधकाम मजुरांची सुरक्षितता.

मी विसरले होते का? हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, पण उत्तर तयार होतं — गडबडीत विसरले. अर्धं खरं आहे ते. साइट सोडताना विसरले होते. पण भाषणाच्या मधोमध मी म्हणाले, “ज्याच्या हातात स्विच आहे, जबाबदारी त्याची आहे!” टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत मला पेटी आठवली. लख्ख आठवली. दोन काळे सांधे, दोन कान.

भाषण संपल्यावर चहा घेताना मोबाइल माझ्या हातात होता. चौकीदाराचा नंबर समोर होता. नुसतं म्हणायचं होतं — मेन बंद कर, मी येईपर्यंत कोणाला लाइट लावू देऊ नको. तो म्हणाला असता, काहून मॅडम? मग सकाळी साहेबांच्या कानावर गेलं असतं. गजानन हसला असता. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. ठरवलं, सकाळी सातला जाऊन काढून टाकू.

मे महिन्यात तराई साडेसहाला सुरू होते. ऊन चढायच्या आधी. हे मला माहीत होतं. माहीत होतं मला!

सात वाजून दहा मिनिटांनी मी पोचले, तेव्हा हौदापाशी माणसं जमली होती. शेवंतानं ओल्या हातानं टुल्लू पंप सरकवला होता. पंपाची बॉडी करंट मारत होती. ट्रिपर जागेवर असता तर खटका पडला असता आणि ती फक्त दचकली असती. तिचा उजवा हात पंपाला चिकटून राहिला. कोणीतरी लाकडी बल्लीनं पिन उडवली, तोवर. तिला मिरची उतरवून निघालेल्या एका टेम्पोत घातलं. माझ्याजवळून नेलं. डोळे उघडे होते तिचे. जिवंत होती ती.

सगळे टेम्पोमागे धावले. मी धावले नाही. मी पेटीकडे गेले.

आता हे वाचा — टेपचे कान किती कामाचे असतात. एका ओढीत दोन्ही सांधे सुटले. नखही लागलं नाही. वायरी पुन्हा ट्रिपरला लावल्या, स्क्रू आवळले, पेटी बंद केली. टेप कुठं पडली ते पाहायला थांबले नाही. चौकीदार आला तेव्हा मी रडत होते. तो म्हणाला, “मिरचीच्या गाड्या आल्या वाटते मॅडम आज लय.”

नऊ वाजता पुंडलिक काका आले. त्यांना बाबांनी फोन केला होता, बाबांना मी. त्यांनी पेटी उघडली. ट्रिपरचं तपासायचं बटण दाबलं. खटकन पडला. पुन्हा वर केला, पुन्हा दाबलं. पडला. मग ते वाकले आणि पेटीखालच्या धुळीतून काहीतरी उचललं. काळ्या टेपचा वीतभर तुकडा, एका टोकाला नखाएवढी घडी. दुसऱ्या कोणाच्या हाती लागला असता तर त्याला तो कचरा वाटला असता. काकांनी तो बोटांत फिरवला, घडी उलगडली, पुन्हा घातली. आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त विचारलं, “खड्ड्यात पाणी कवा घातलं होतं वं?”

“रोज घालते काका.”

ते खड्ड्याजवळ गेले, नरसाळ्यात बोट घातलं. बोट वर आलं तेव्हा त्याला कोरडं पांढरं मीठ लागलेलं होतं. स्लॅबच्या धांदलीत आठवडाभर मी एक तांब्याही ओतला नव्हता. काकांनी बोट पँटला पुसलं आणि सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी तपासायला सरकारी साहेब आले. ट्रिपर ठीक. अर्थिंग कोरडं. टेस्ट रिपोर्टवर लिहिलेलं एक, यंत्र दाखवतंय दुसरंच. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, कोणी डायरेक्ट वगैरे केलं होतं का?” काका चार हात अंतरावर उभे होते. खिशावर हातही नेला नाही त्यांनी. मी म्हणाले, “नाही साहेब.”

साहेबांनी वहीत लिहिलं. रिपोर्ट खोटा, न तपासता दिलेला, असं त्यातून निघालं. ज्या माणसाची टिंगल तपासतो म्हणून व्हायची, त्याच्यावर.

इथवर ती भीती होती, असं तुम्ही म्हणाल. वय तेवीस, पहिली नोकरी, हातून घडलं, घाबरली. मीही पुष्कळ दिवस असंच म्हणत होते. पण चौथ्या दिवशी मी जे केलं, त्याला भीती म्हणत नाहीत.

मी पत्रक लिहिलं. ‘विकलेली सही’. एका बैठकीत, न खोडता. तुमच्यातल्या काहींनी ते वाचलं असेल. बऱ्याच हातांतून फिरलं ते. त्यात मालकाच्या घाईबद्दल होतं, जी घाई त्या दिवशी कोणी केलीच नव्हती. साइट इंजिनीअर साहेबांनी लाइट सुरू ठेवायला दटावलं, असंही होतं. मजुराचा जीव टेम्पररी आणि मीटरसुद्धा टेम्पररी, असं एक वाक्य होतं, ते पुढं भिंतींवर रंगवलं गेलं. साइटवर संरक्षण नसतं, कागद घरी बसून भरले जातात, मेलेल्याचं नावही हजेरीत सापडत नाही — यातला शब्द न् शब्द खरा होता, आजही आहे. हेच तर भयंकर आहे. एका खोट्या नावाभोवती मी सगळी खरी वाक्यं रचली.

नाव हवंच होतं ना? नियमच होता घरचा.

बाबांनी पत्रक कॉम्प्युटरवर घेतलं. तिसऱ्या ओळीशी थांबले. चष्मा काढला.

“नाव टाकाचं का त्याचं?”

“टाका.”

“पक्कं हाय ना वं? पुंडलिक हाय तो.”

“रिपोर्टवर सही आहे त्यांची, बाबा. पक्कं आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी नियम पाळते आहे, जवळच्या माणसालाही सोडत नाही — त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता. त्यांनी चष्मा लावला आणि आपल्या मित्राचं नाव टाइप केलं. पुंडलिक लांजेवार. ‘लां’वरचा अनुस्वार राहिला होता, तो आठवणीनं दिला. मग मशीन सुरू केलं. मी शेजारी उभी राहून घड्या घातल्या, लहानपणासारख्या. शाई हाताला न लावता.

काकांचं लायसन्स गेलं. पत्रकामुळं की सरकारी कागदामुळं, हा हिशेब मी पूर्वी करायचे. आता करत नाही. एकदा ते छापखान्यात आले होते. पत्रक उभ्या उभ्या वाचलं, शेवटपर्यंत. बाबांना म्हणाले, “छपाई साफ आली तुमची.” आणि गेले. त्यानंतर बाबा आणि ते बोललेले नाहीत. बाबांना वाटतं, मित्रानं सही विकली. तीस वर्षांची मैत्री मी एका अनुस्वारासकट छापून टाकली.

आणि शेवंता? ती वाचली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात महिनाभर होती. मालकानं सगळा इलाज केला, हेही मी कधी कुठं लिहिलं नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आखडून तळहाताला टेकली ती सरळ झाली नाहीत. तीच तीन बोटं. मी तिच्या गावी गेले होते, पाहुणी म्हणून, माझा सत्कार होता शेजारच्या गावात. श्रावण होता. बांधावर ती बसली होती आणि बाया चिखलात रोवणी करत होत्या. ती त्यांना ओरडून ओळ वाकडी झाल्याचं सांगत होती. मला पाहून उठली. डाव्या हातानं ब्लाउजमधून एक घडी काढली — माझं पत्रक, घामानं मऊ झालेलं.

“वाचता येत नाही मले,” ती म्हणाली. “पण ठेवलं. माह्यासाठी तुमीच बोलल्या बाई, दुसरं कोणी नाही.”

तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? समोर सभा नव्हती, माइक नव्हता. फक्त ती होती, मी होते. मी तिचा तो आखडलेला हात हातात घेतला. सत्कारासाठी आलेला फोटो काढणारा मात्र बांधावरच होता. तो फोटो आला छापून.

काका का बोलले नाहीत? तुकडा त्यांच्या खिशात होता. मी या प्रश्नाला अनेक उत्तरं शोधली. माया होती म्हणून. बाबांकडे पाहून. आपलं कोण ऐकेल म्हणून. मग लक्षात आलं, प्रत्येक उत्तरानं मलाच बरं वाटतं. म्हणून ती सगळी टाकून दिली. ते का बोलले नाहीत, मला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेले होते. कळमन्याच्याच रस्त्याला एका टपरीत ते पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. लायसन्स लागत नाही त्याला. मी सांगायचं ठरवून गेले होते. हातात घरचा टेबल फॅन होता, कारण मोकळ्या हातानं जायची हिंमत नव्हती. केस पार पिकलेत त्यांचे. त्यांनी फॅन घेतला आणि म्हणाले, “बस वं. पंधरा मिन्टं लागन.” मी स्टुलावर बसले. पंधरा मिनिटं मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. एकदा तोंड उघडलं, तर विचारलं काय — “काकू बऱ्या आहेत ना?” ते म्हणाले, “हाव.” फॅन फिरवून दाखवला. मी उठले आणि आले.

घरी आल्यावर मी तो फॅन उघडला. का, ते मला सांगता येणार नाही. आत त्यांनी घातलेला नवा सांधा होता, काळी टेप घट्ट ओढलेली. आणि टोकाला कान. नखाएवढा, नीट दुमडलेला, उभा.

फॅन अजून आमच्याकडे आहे. चालतो.

माझ्या लेखनाच्या या पुस्तकात पहिल्या पानावर ‘विकलेली सही’ यायचं होतं. प्रकाशकांना तेच हवं होतं. माझी ओळख तीच, असं ते म्हणाले. मी ते पाठवलं नाही, हे पाठवलं. बाबांच्या छापखान्यात हे छापलेलं नाही. ते तुमच्यासारखंच वाचतील. काका हयात आहेत. शेवंताला कोणीतरी वाचून दाखवील.

त्या पत्रकाच्या तिसऱ्या ओळीत पुंडलिक लांजेवार हे नाव आहे. तिथं संघमित्रा हे नाव हवं होतं.